जेकिल आणि हाइड : दुभंगलेला माणूस, विज्ञानाची भीती आणि अब्रू

शर्वरी_के (धागाकर्ती)

(रहस्यभेद आहे. ज्यांना कादंबरी वाचायची आहे त्यांनी आधी ती वाचावी, एका बैठकीत संपते.)

इंग्लंडमध्ये दहावीच्या तोडीची जी जीसीएसई परीक्षा असते, तिला माझी मुलगी यंदा बसते आहे. इंग्रजी साहित्याच्या पहिल्या पेपरात एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी असते. तिच्या शाळेनं रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची 'डॉ. जेकिल आणि मि. हाइड' घेतली आहे. इथल्या मुलांकडे रिव्हिजन कार्डांचे गठ्ठे असतात. एका कार्डावर 'द्वैत', दुसऱ्यावर 'विज्ञानाची भीती', खाली पाठ करायची चार वाक्यं. ती वाचून पुस्तक समजल्यासारखं वाटतं आणि पुस्तकातलं नेमकं काय आहे ते निसटतं. म्हणून हा धागा. मला जे दिसलं ते लिहिते, जाणकारांनी भर घालावी, विरोधही करावा.

पुस्तक जानेवारी १८८६ मध्ये आलं, किंमत एक शिलिंग. पहिल्या सहा महिन्यांत ब्रिटनमध्ये चाळीस हजारांच्या आसपास प्रती खपल्या. जेकिल आणि हाइड एकच आहेत, स्वतः बनवलेलं औषध पिऊन डॉक्टर जेकिलच हाइड होतो, हे त्या वाचकांना ठाऊक नव्हतं, हे आपण विसरतो. आठव्या प्रकरणापर्यंत त्यांच्या हातात होतं ते एका वकिलाचं कोडं. डॉक्टर जेकिलनं मृत्युपत्र केलं आहे, त्यात सगळी मालमत्ता एडवर्ड हाइड नावाच्या कुणा माणसाला, आणि जेकिल तीन महिन्यांहून जास्त काळ बेपत्ता झाला तरीही ती हाइडलाच. अटर्सन वकिलाला आधी हा वेडेपणा वाटतो, मग संशय येतो तो ब्लॅकमेलचा. जेकिलचं तरुणपणीचं काहीतरी या माणसाच्या हाती लागलंय, असं तो धरून चालतो. विज्ञान त्याच्या डोक्यातही नाही.

आता पहिल्याच प्रकरणातला प्रसंग बघा. हिवाळ्यातली पहाट, तीनचा सुमार. आठ-दहा वर्षांची मुलगी डॉक्टरला बोलवायला धावत गेलेली असते. कोपऱ्यावर हाइडची आणि तिची टक्कर होते, आणि हा माणूस तिला शांतपणे तुडवून पुढे चालू लागतो. अटर्सनचा नातेवाईक एनफील्ड त्याला गचांडी धरून परत आणतो. मुलीच्या घरचे जमलेत, डॉक्टर आलाय, सगळ्यांना हाइडला मारून टाकावंसं वाटतंय. आणि शिक्षा काय ठरते? लंडनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तुझ्या नावाची घाण करू, ही धमकी. हाइडलाही ती लगेच कळते, कुठल्याही सभ्य माणसाला तमाशा नकोच असतो, असं तो म्हणतो आणि शंभर पौंड मोजतो. पोलीस नाहीत, फिर्याद नाही. लहान मुलीच्या अंगावरून माणूस चालत गेला आणि सौदा झाला तो नावाचा. प्रकरणाच्या शेवटी एनफील्ड आणि अटर्सन हातावर हात मारून ठरवतात की हा विषय पुन्हा काढायचा नाही.

माझं म्हणणं असं की या पुस्तकातली मुळातली भीती ही अब्रू जाण्याची आहे. शेवटच्या प्रकरणात जेकिल स्वतः सांगतो की त्याची तरुणपणची पापं काही भयंकर नव्हती, दुसरा कुणी ती अभिमानानंही मिरवला असता. पण याला चारचौघांत मान ताठ ठेवून वावरायचं होतं. म्हणून त्यानं मजा लपवली, आणि लपवता लपवता दोन आयुष्यं झाली. औषध त्यानंतर आलं. दुभंग आधीपासून होता, औषधानं त्याला वेगळं अंग दिलं.

आणि मुलं सर्रास लिहितात तसं 'जेकिल चांगला, हाइड वाईट' हे तर पुस्तकात कुठेच नाही. औषधातून निव्वळ दुष्ट असा एक माणूस वेगळा निघाला, पण दुसऱ्या बाजूला उरला तो जुनाच हेन्री जेकिल, सगळी भेसळ जशीच्या तशी. चांगल्याचा अर्क निघालाच नाही. जेकिल लिहितो की औषध ना सैतानी होतं ना दैवी, त्यानं फक्त तुरुंगाची दारं हलवली, आत जो जागा होता तो बाहेर आला. ज्या दिवशी प्रयोग केला त्या दिवशी जागी होती ती दुष्ट बाजू, आणि तिला जागं ठेवलं होतं महत्त्वाकांक्षेनं. हे वाक्य वाचलं की 'विज्ञानाची भीती' हे कार्ड मला अपुरं वाटायला लागतं.

तुम्हा लोकांना काय वाटतं?

---

तळटीप_नको

उत्तम धागा. वाचनखूण साठवली. सिनेमांमुळे मी हाइडला कायम राक्षसासारखा धिप्पाड समजत आलो. पुस्तकात तो जेकिलपेक्षा लहानखुरा आहे ना?

---

शर्वरी_के

हो, जेकिलचे कपडे त्याच्या अंगावर लोंबतात. त्याचं कारणही जेकिल देतो. त्याच्या आयुष्याचे नऊ दशांश भाग कष्टात आणि संयमात गेले, त्यामुळे दुष्ट बाजूला व्यायामच मिळाला नव्हता. ती कमी वाढलेली आणि कमी झिजलेली, म्हणून हाइड लहान, हलका आणि तरुण. पुढे पुढे जेकिलला जाणवतं की हाइड अंगानं भरतो आहे.

---

रसशाळा

मी औषध कंपनीत क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणीत) नोकरी करतो, साहित्याचा विद्यार्थी नाही. पण या पुस्तकातलं रसायन मी फार प्रेमानं वाचलंय आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

नवव्या प्रकरणात जेकिलचा जुना मित्र डॉ. लॅन्यन जेकिलच्या कपाटातला खण घरी आणतो आणि आत काय आहे ते तपासतो. पुड्या आहेत, व्यवस्थित बांधलेल्या, पण औषधविक्याच्या हातची सफाई नाही, म्हणजे जेकिलनं स्वतःच बांधलेल्या. आत पांढरं स्फटिकासारखं साधं मीठ (रसायनशास्त्रातलं, म्हणजे क्षार; खायचं नव्हे). एका कुपीत रक्तासारखा लाल द्रव, वास झोंबणारा, त्यात फॉस्फरस आणि उडून जाणारं ईथर असावं असा लॅन्यनचा अंदाज. आणि एक साधी वही. त्या वहीनं मला पकडलं. वर्षानुवर्षांच्या तारखा, शेकडो नोंदी, आणि त्या साधारण वर्षभरापूर्वी एकदम थांबलेल्या. बहुतेक तारखांपुढे काही नाही. पाच-सहा ठिकाणी एकच शब्द, 'दुप्पट'. आणि अगदी सुरुवातीला एकदा 'संपूर्ण अपयश', पुढे तीन उद्गारचिन्हं.

आमच्याकडे अशी लॉगबुक ऑडिटरसमोर ठेवली तर काय होईल ते क्यूसीतल्या कुणालाही विचारा. किती घेतलं, कुठल्या लॉटमधलं, निरीक्षण काय, काहीच नाही. वही लिहिणाऱ्याला सगळं डोक्यात ठाऊक आहे आणि दुसऱ्या कुणी ते वाचावं अशी त्याची इच्छाच नाही.

मग शेवट. जुनं मीठ संपतं. नवीन मागवतो, मिश्रण उकळतं, पहिला रंगबदल होतो, दुसरा होत नाही. घेतो, परिणाम शून्य. आठव्या प्रकरणात, त्यानं घाऊक विक्रेत्यांना पाठवलेली चिठ्ठी त्याचा नोकर पूल अटर्सनला वाचायला देतो. सुरुवातीची भाषा अगदी व्यापारी पत्राची: तुमचा शेवटचा नमुना अशुद्ध आहे, माझ्या कामाचा नाही, अमुक साली मी तुमच्याकडून बराच माल घेतला होता, त्याच प्रतीचा शिल्लक असेल तर कसून शोधा, खर्चाची पर्वा नाही. आणि मग लेखणी सुटते, देवाच्यान मला तो जुना शोधून द्या. मी ही चिठ्ठी वाचून पुस्तक खाली ठेवलं होतं. जुन्या लॉटसाठी अशी विनवणी मी मेलवर वाचलेली आहे, फरक फक्त जिवाचा.

शेवटी जेकिलला उमगतं ते उलटंच. नवीन माल शुद्ध होता, अशुद्ध होता तो पहिला, आणि त्या अज्ञात भेसळीतच सगळा गुण होता. आईकडून आलेल्या विरजणासारखं, दही लागतं, पण आत काय आहे ते कुणी तपासलेलं नसतं. म्हणजे या माणसानं शोध लावलाच नव्हता. त्याला एक गोष्ट एकदा घडताना दिसली होती. ती का घडते हे माहीत नाही आणि पुन्हा घडवता येत नाही. माझ्या मते स्टीव्हन्सनची विज्ञानाची समज फार पक्की होती. लाइटहाउस बांधणाऱ्या इंजिनिअरांच्या घराण्यातला मुलगा, स्वतः आधी इंजिनिअरिंग शिकायला घातलेला. पुस्तकात विज्ञानाची भीती असेल तर ती अर्धवट विज्ञानाची आहे.

---

निनाद७

रसशाळा, अप्रतिम प्रतिसाद. वहीचा तपशील माझ्या नजरेतून निसटला होता.

पण धागाकर्तीशी मी पूर्ण सहमत नाही. एम.ए.ला गॉथिकचा (भय-गूढ साहित्याचा) पेपर होता, तेव्हा वाचलेलं आठवून लिहितो. अब्रूचा मुद्दा बरोबर आहे, पण विज्ञानाची भीती 'अपुरी' म्हणून बाजूला सारता येणार नाही, ती त्या काळाच्या हवेतच होती. डार्विनचं पहिलं मोठं पुस्तक १८५९ चं, माणसाच्या वंशाबद्दलचं १८७१ चं. रे लँकेस्टर हा प्राणिशास्त्रज्ञ १८८० मध्ये लिहितो की उत्क्रांतीची वाट फक्त वर जात नाही, जीव खालीही घसरू शकतो. हाइडसाठी पुस्तकात शब्द कुठले येतात बघा. सर डॅनव्हर्स कॅर्यू या प्रतिष्ठित म्हाताऱ्याचा तो खून करतो तो वानरासारख्या चवताळीनं. अटर्सनला तो गुहेत राहणाऱ्या आदिमानवासारखा वाटतो. जेकिल सकाळी जागा होतो आणि पलंगपोसावर त्याला हात दिसतो. त्याचा स्वतःचा हात मोठा, भक्कम, गोरा, डॉक्टरला शोभेलसा. हा हात कृश, शिरा-गाठी वर आलेल्या, काळपट आणि दाट केसांचा. त्या एका हातात डार्विनची सगळी धास्ती आहे.

दुसरं म्हणजे शरीरशास्त्र. १८२८ मध्ये एडिंबरात बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा खून केले आणि प्रेतं डॉ. नॉक्स या शरीरशास्त्राच्या अध्यापकाला विच्छेदनासाठी विकली. स्टीव्हन्सन त्याच शहरातला, आणि प्रेतं पळवणाऱ्यांवर त्यानं १८८४ मध्ये कथाही लिहिली. १८७६ मध्ये जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवाना सक्तीचा करणारा कायदा ब्रिटनमध्ये आला, त्याआधी आणि नंतरही केवढा गदारोळ. डॉक्टर बंद खोलीत काय करतात हा सामान्य माणसाचा खराखुरा प्रश्न होता. जेकिलचं घर मुळात एका नामांकित सर्जनचं, प्रयोगशाळेकडे जायचा रस्ता जुन्या विच्छेदनगृहातून. हे काही योगायोगानं घातलेलं नाही.

एक गोष्ट मात्र परीक्षेच्या उत्तरांत हमखास चुकीची येते. इटलीचा लोम्ब्रोसो १८७६ पासून सांगत होता की जन्मजात गुन्हेगार कवटीवरून, चेहऱ्यावरून ओळखू येतो. मुलं लिहितात की हाइड म्हणजे लोम्ब्रोसोचा नमुना. पण हाइडचं वर्णन कुणालाच करता येत नाही! एनफील्ड म्हणतो की त्याच्यात कुठेतरी व्यंग आहे असं तीव्रतेनं वाटतं, पण नेमकं कुठे ते सांगता येत नाही, आणि माझी स्मरणशक्ती चांगली आहे, तो या क्षणी डोळ्यांपुढे आहे. म्हणजे मोजपट्टी लावायला गेलं की हातात काही सापडत नाही. स्टीव्हन्सन इथे त्या विज्ञानाच्या पुढे जातो.

---

डॉ_मंजिरी

मानसोपचाराच्या बाजूनं थोडं. 'जेकिल-हाइड' म्हणजे स्प्लिट पर्सनॅलिटी, आणि स्प्लिट पर्सनॅलिटी म्हणजे स्किझोफ्रेनिया, ही दुहेरी चूक रुग्णांच्या घरच्यांकडून ऐकायला मिळते आणि तिनं नुकसान होतं. स्किझोफ्रेनियात दोन माणसं नसतात. आणि ज्या विकारात वेगवेगळ्या ओळखी असतात त्यात स्मृतीत मोठे खंड पडतात. जेकिल स्पष्ट लिहितो की दोन्ही रूपांची स्मृती सामाईक होती. हाइडनं काय केलं ते जेकिलला सगळं आठवतं. म्हणून तर त्याची सुटका नाही.

मला हे पुस्तक व्यसनाच्या केस-हिस्टरीसारखं वाचावंसं वाटतं. 'वाटेल तेव्हा मी हाइडला सोडू शकतो' हे तिसऱ्या प्रकरणातलं जेकिलचं आश्वासन ओपीडीत बसणाऱ्या कुणालाही ओळखीचं वाटेल. पुढे मात्रा दुप्पट करावी लागते, एकदा जिवावर उदार होऊन तिप्पट. खुनानंतर तो घाबरून सोडतो, दोनेक महिने दानधर्म, मित्रांना जेवणं. मग जानेवारीतल्या एका लख्ख दिवशी रीजंट्स पार्कच्या बाकावर ऊन खात बसलेला असताना स्वतःची शेजाऱ्यांशी तुलना करतो, मी त्या आळशी लोकांपेक्षा बरा, असा विचार मनात येतो, आणि औषध न घेता हाइड होतो. दारूचा थेंब नाही, पुडी नाही. घसरायला तो एक विचार पुरला. या बाकाच्या प्रसंगाइतकं अचूक वर्णन मी पाठ्यपुस्तकातही वाचलेलं नाही.

शेवटी शेवटी तो हाइडबद्दल लिहिताना 'तो' म्हणतो, 'मी' म्हणायला जीभ धजत नाही असंही कबूल करतो. जबाबदारी झटकण्याची ही पायरी असते. शर्वरीताई, तुमच्या मुलीला सांगा की दुभंग बघायचा असेल तर शेवटच्या प्रकरणातली सर्वनामं पेन्सिलनं खुणावून बघ.

---

पांथस्थ

एडिंबरात काही वर्षं राहिलो आहे म्हणून शहराबद्दल. गोष्ट घडते लंडनमध्ये, पण त्यातला माणूस एडिंबरा न बघता कळत नाही असं मला ठामपणे वाटतं. खडकाच्या कण्यावर जुनं शहर, उंच दगडी इमारती, त्यांच्यामधून उतरत जाणाऱ्या काळोख्या गल्ल्या. समोर दरीपलीकडे अठराव्या शतकात आखलेलं नवं शहर, सरळ रस्ते, रुंद चौक, बागा. स्टीव्हन्सनचं घर नव्या शहरात, हेरियट रो वर. विद्यार्थिदशेत त्याची पावलं वळायची ती जुन्या शहरातल्या गुत्त्यांकडे. घरी कडक कॅल्व्हिनिस्ट (प्रॉटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ) वातावरण, दाई रात्री पापाच्या आणि नरकाच्या गोष्टी सांगायची.

आणि डीकन ब्रोडी. विल्यम ब्रोडी, सुतारांच्या संघाचा प्रमुख, नगरपालिकेचा सदस्य. दिवसा प्रतिष्ठितांच्या घरी कपाटं आणि कुलपं बसवायचा, तिथेच किल्ल्यांचे ठसे घ्यायचा आणि रात्री त्याच घरांत चोऱ्या करायचा. १७८८ मध्ये त्याला फाशी झाली. त्यानं बनवलेलं एक कपाट लहानपणी स्टीव्हन्सनच्या खोलीत होतं! आता ते तिथल्या लेखकांच्या संग्रहालयात ठेवलंय, मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो होतो. साधं, उंच, नीटस काम. डब्ल्यू. ई. हेन्ली या मित्राबरोबर स्टीव्हन्सननं ब्रोडीवर नाटकही लिहिलं होतं, जेकिलच्या आधी.

स्कॉटिश साहित्यात दुभंगाची परंपरा आधीची आहे. जेम्स हॉगची १८२४ ची कादंबरी घ्या, त्यात स्वतःला देवानं निवडलंय असं मानणारा धार्मिक तरुण एका गूढ सोबत्याच्या नादानं खून करत सुटतो. तिथे रसायन नाही, धर्मशास्त्र आहे. म्हणून निनाद यांना विचारावंसं वाटतं: दुभंग धर्मातून येतो आणि विज्ञान फक्त नवं साधन आहे, असं म्हणता येईल का?

---

निनाद७

म्हणता येईल, पण मग साधनच का बदललं हा प्रश्न उरतो. हॉगच्या काळात सैतान पुरत होता. १८८६ च्या लंडनमध्ये शिकल्यासवरल्या वाचकाला सैतान पटला नसता, पुडी पटली. वाचकाची श्रद्धा जिथे सरकली तिथे भीतीही सरकली.

---

अनुजा_वर्ग११

इंग्लंडमधल्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवते. शर्वरी, परीक्षेच्या दृष्टीनं थोडं व्यावहारिक. एक्यूए बोर्ड असेल तर पुस्तक जवळ ठेवता येत नाही, एक उतारा छापून देतात, त्यावरून सुरुवात करून संपूर्ण कादंबरीकडे जायचं. तीस गुणांतले बारा वाचन-आकलनाला, बारा भाषा आणि रचनेला, सहाच काळाच्या संदर्भाला. मुलं नेमकं उलटं करतात, डार्विनवर पाऊण पान आणि शब्दांवर दोन ओळी. निनाद यांनी लिहिलंय तसा डार्विन त्या केसाळ हाताच्या वाक्याला चिकटून आला तर तो जिवंत होतो.

आणि रचना विसरू नका. द्वैतावर लिहिताना पात्रांपुरतं थांबू नये. जेकिलच्या घराचं पुढचं दार चौकातलं, श्रीमंती थाटाचं, उबदार दिवाणखान्याचं. मागचं दार गल्लीत, रंगाचे पोपडे निघालेलं, त्याला घंटा नाही, कडी वाजवायला काही नाही, भटके लोक उंबऱ्याशी रेंगाळतात. ही दोन दारं एकाच घराची आहेत हे वाचकाला हळूहळू कळतं. एनफील्डला पहिल्यांदा ते कळलेलंच नसतं. आरसा घ्या, प्रयोगशाळेतला उभा, फिरता आरसा. अटर्सन आणि पूल त्यात डोकावतात आणि स्वतःचेच फिकट घाबरलेले चेहरे बघतात. शेजारी जेकिलचा आवडता धार्मिक ग्रंथ, समासात त्याच्याच अक्षरात अभद्र शेरे. यातलं एक जरी मुलीनं स्वतः शोधून लिहिलं तरी कार्डांची गरज पडणार नाही.

---

तळटीप_नको

एक शंका. या पुस्तकात बायका जवळपास नाहीतच. तुडवलेली मुलगी, खून बघणारी मोलकरीण, हाइडच्या सोहोतल्या घराची म्हातारी. सिनेमात तर जेकिलची वाग्दत्त वधू असते.

---

निनाद७

ती रंगभूमीनं घातली. रिचर्ड मॅन्सफील्डचं नाटक १८८७ मध्ये बोस्टनला आणि ऑगस्ट १८८८ मध्ये लंडनच्या लायसियमला आलं, त्यात कॅर्यूची मुलगी जेकिलची वाग्दत्त. त्याच शरद ऋतूत व्हाइटचॅपलचे ('जॅक द रिपर'चे) खून सुरू झाले आणि एका पत्रलेखकानं पोलिसांकडे चक्क मॅन्सफील्डवरच संशय कळवला, इतकं त्याचं रूपांतर अंगावर येत असे. मूळ पुस्तकात आहेत ते सगळे अविवाहित, मध्यमवयीन, एकमेकांची गुपितं सांभाळणारे पुरुष. जेकिलची 'मजा' नेमकी काय होती हे लेखक शेवटपर्यंत सांगत नाही. त्यावर पुष्कळ समीक्षा झाली आहे. १८८५ मध्येच पुरुषांमधल्या संबंधांना खाजगीतसुद्धा गुन्हा ठरवणारं कलम ब्रिटिश कायद्यात आलं होतं, हे ध्यानात ठेवावं.

---

शर्वरी_के

सगळ्यांचे मनापासून आभार. रसशाळांची वही आणि डॉक्टरांची सर्वनामं मुलीला वाचून दाखवली, तिनं लगेच पुस्तक काढलं.

निनाद, तुमचा सर्वांत वजनदार मुद्दा मला स्वतःहून मांडावासा वाटतो, लॅन्यनचा. हाइड त्याच्या घरी मध्यरात्री येतो, मिश्रण तयार करतो, ते लालसर, मग उजळ होत फसफसतं, एकदम गडद जांभळं होतं आणि सावकाश पाणचट हिरवं. प्याला हातात घेऊन तो विचारतो: मी हे घेऊन निघून जाऊ, की तुम्हाला कुतूहलाची हाव आवरत नाही? आणि लॅन्यन, जो जेकिलच्या प्रयोगांना दहा वर्षं अशास्त्रीय बडबड म्हणत आला, तो म्हणतो की इतकं झालंय तर आता शेवट बघूनच थांबेन. बघतो, आणि काही आठवड्यांत मरतो. हा प्रसंग विज्ञानाच्या भीतीचा आहे हे मला मान्यच आहे.

पण पुढे तो काय करतो? कुणाला सांगत नाही. लिहितो, लिफाफा बंद करतो, आत आणखी एक बंद लिफाफा, वर सूचना की जेकिल मेल्याशिवाय किंवा नाहीसा झाल्याशिवाय उघडू नये. जेकिलच्या मृत्युपत्रात त्याच्या नावापुढे पदव्यांची रांग आहे, त्यात एफ.आर.एस. आहे, म्हणजे रॉयल सोसायटीचा सदस्य. जिथे शोध मांडायचे, तपासून घ्यायचे, खोडून काढू द्यायचे, त्या संस्थेचा माणूस. त्यानं तिथे एक ओळ पाठवली नाही. ज्या विच्छेदनगृहातून अटर्सन जातो तिथे एकेकाळी विद्यार्थ्यांची गर्दी असायची, आता जमिनीवर खोकी आणि पेंढा, वरच्या घुमटातून धुक्याचा अंधुक उजेड. सर्जनच्या काळी तिथे भीषण काम चालत असेल, पण शंभर डोळ्यांसमोर चालायचं. जेकिलनं त्याच्या पलीकडच्या खोलीत दार लावून घेतलं. मला या पुस्तकात भीती दिसते ती या लावलेल्या दाराची, आणि दार लावलं गेलं ते अब्रूसाठी.

---

रसशाळा

पटलं. पीअर रिव्ह्यू (त्याच क्षेत्रातल्या इतरांकडून तपासणी) असता तर पहिल्याच प्रश्नाला मिठाचा लॉट तपासला गेला असता.

---

पांथस्थ

शर्वरीताई, तुमच्या म्हणण्याला आठव्या प्रकरणातच पुरावा आहे. अटर्सन आणि पूल कुऱ्हाडीनं दार फोडतात, हाइडचं प्रेत पडलेलं असतं, जेकिलचा पत्ता नाही, टेबलावर कागद. खून करून पळालेला माणूस समोर मरून पडलाय आणि वकील पहिलं काय बोलतो? या कागदाबद्दल कुठे बोलू नकोस, तुझे मालक पळाले असोत की मेले असोत, निदान त्यांची पत तरी वाचवता येईल. आत्ता दहा वाजलेत, घरी जाऊन शांतपणे वाचतो, मध्यरात्रीच्या आत येतो, मग पोलिसांना बोलावू.

---

तळटीप_नको

आणि पोलीस येतात का?

---

पांथस्थ

पुस्तक त्यापुढे अटर्सनकडे परत जातच नाही. लॅन्यनचा लेख, मग जेकिलचा लेख, आणि संपलं. दोन्ही कागद अटर्सनच्या हातात आहेत. पाचव्या प्रकरणात हाइडच्या नावाचं पत्र जेकिलच्या अक्षराशी जुळतं असं त्याच्या कारकुनानं दाखवून दिलं, तेव्हा त्या भल्या माणसानं ते पत्र आपल्या तिजोरीत कुलूपबंद केलं होतं. या वेळी त्यानं काय केलं असेल, यावर तुमच्या मुलीचं मत वाचायला आवडेल.